डीआरबीडी वापरून सर्व्हरची साठवण अखंड चालू ठेवणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरे लिनक्सवरील डीआरबीडी ९ मालिका धरून दिली आहेत. ८.४ मध्ये फरक असेल तिथे तसे सांगितले आहे. आज्ञा आणि पर्यायांची नावे देवनागरीत लिहिली आहेत, टर्मिनलवर ती मूळ रोमन अक्षरांतच टाइप करावी लागतील.

१. डीआरबीडी नेमके करते काय? रेड-१ पेक्षा यात वेगळे काय?

रेड-१ मध्ये एकाच सर्व्हरच्या दोन डिस्कवर सारखा डेटा लिहिला जातो. एक डिस्क गेली तरी काम चालते, पण मदरबोर्ड, पॉवर सप्लाय किंवा कर्नल (लिनक्सचा गाभा) गेला तर दोन्ही प्रती एकाच पेटीत अडकून पडतात. डीआरबीडी हे कर्नलमधले मॉड्यूल आहे. ते डिस्क आणि फाइल सिस्टीम यांच्यामध्ये बसते आणि प्रत्येक लेखन नेटवर्कवरून दुसऱ्या सर्व्हरच्या डिस्कवरही पोहोचवते. वाचन सहसा स्थानिक डिस्कवरूनच होते. वर ईएक्सटी४ आहे की एक्सएफएस, डेटाबेस आहे की व्हर्च्युअल मशीन, याच्याशी त्याला देणेघेणे नाही; त्याला फक्त ब्लॉक दिसतात.

याची सुरुवात व्हिएन्नात फिलिप राइस्नर यांनी केली आणि पुढे त्यांच्या लिनबिट कंपनीने ते वाढवले. २०१० मध्ये आलेल्या २.६.३३ या कर्नलपासून ते मुख्य लिनक्समध्ये आहे. मात्र कर्नलसोबत येणारे मॉड्यूल बहुतेक वितरणांत ८.४ मालिकेचे असते. ९ हवे असेल तर वेगळे पॅकेज बसवावे लागते. त्याचे परिणाम प्रश्न १७ मध्ये.

२. डेटा दोन ठिकाणी आहे म्हटल्यावर बॅकअप बंद केला तर चालेल का?

नाही. कोणी चुकून टेबल उडवले, रॅन्समवेअरने फाइली कुलूपबंद केल्या किंवा फाइल सिस्टीमच बिघडली, तर ती खराबी काही मिलिसेकंदांत दुसऱ्या प्रतीवर पोहोचते. डीआरबीडी यंत्र बंद पडण्यापासून वाचवते. चुकीच्या लेखनापासून वाचवायला वेगळा, जुन्या तारखेला परत जाता येईल असा बॅकअप लागतोच.

३. दोन सर्व्हर पुरतात की तीन हवेत?

डेटाच्या प्रती म्हणून दोन पुरतात. अडचण निर्णयाची आहे. दोघांमधला संपर्क तुटला की समोरचा खरोखर मेला की फक्त केबल निघाली, हे दोघांपैकी कोणालाच आतून कळत नाही. म्हणून दोन सर्व्हरच्या मांडणीत फेन्सिंग, म्हणजे समोरच्या यंत्राची वीज तोडण्याची खात्रीशीर सोय, अनिवार्य समजा (प्रश्न १०).

तिसरा सर्व्हर मिळत असेल तर डीआरबीडी ९ चा कोरम (बहुमत असेल तरच लेखन चालू देण्याचा नियम) वापरा: कोरम पर्यायाला ‘मेजॉरिटी’ आणि ऑन-नो-कोरम पर्यायाला ‘सस्पेंड-आयओ’ किंवा ‘आयओ-एरर’. तिसऱ्याकडे मोठी डिस्क असायलाच हवी असे नाही. तो डिस्कलेस, म्हणजे स्वतःची प्रत न ठेवता, राहून फक्त मत देऊ शकतो, त्यामुळे एखादे साधे, कमी ताकदीचे यंत्रही चालते. दोन महागड्या सर्व्हरवर खर्च करून तिसऱ्या छोट्या यंत्रावर काटकसर करणे ही आमच्या मते सर्वांत चुकीची बचत आहे.

४. प्रोटोकॉल ए, बी, सी यांपैकी कोणता घ्यायचा?

एकाच इमारतीत, चांगल्या नेटवर्कवर: सी. दुसऱ्या बाजूच्या डिस्कवर लिहून झाल्याचा निरोप आल्याशिवाय लेखन पूर्ण मानले जात नाही.

‘ए’ मध्ये स्थानिक डिस्कवर लिहिले आणि माहिती टीसीपीच्या पाठवणी-बफरमध्ये टाकली की काम झाले असे मानतात. मुख्य सर्व्हर अचानक मेला तर बफरमधले शेवटचे व्यवहार जातात. हा प्रोटोकॉल लांबच्या प्रतीसाठी आहे (प्रश्न १४). ‘बी’ मध्ये माहिती समोरच्याच्या मेमरीत पोहोचली की पुरते. दोन्हीकडची वीज एकदम गेली आणि मुख्य सर्व्हरची डिस्क कायमची गेली, तरच तोटा होतो. प्रत्यक्षात बी क्वचितच दिसतो.

५. नेटवर्क कसले लागते?

लिहिण्याचा वेग डिस्क आणि नेटवर्क यांपैकी जे हळू त्याच्याइतकाच मिळतो. एक गिगाबिटच्या केबलवर सेकंदाला साधारण ११० मेगाबाइटच्या वर जाता येत नाही. एनव्हीएमई डिस्क असतील तर किमान १० गिगाबिट घ्या. दोनच सर्व्हर असतील तर मध्ये स्विच न ठेवता थेट केबल जोडणे उत्तम.

दोन पोर्ट एलएसीपीने एकत्र केले तरी एका रिसोर्सचा (डीआरबीडी एकत्र सांभाळते त्या व्हॉल्यूमच्या संचाचा) वेग दुप्पट होत नाही. रिसोर्सचा डेटा एकाच टीसीपी जोडणीवरून जातो आणि एक जोडणी एकाच केबलवर राहते. एकाहून जास्त रिसोर्स असतील तरच फायदा दिसतो. केबल तुटण्यापासून संरक्षण मात्र मिळते, आणि तेवढ्यासाठीही ते करण्यासारखे आहे.

जंबो फ्रेम (मोठी नेटवर्क पाकिटे) वापरताना एमटीयू, म्हणजे पाकिटाची कमाल लांबी, ९००० दोन्ही टोकांना आणि मधल्या स्विचवरही लावा. एक जागा राहून गेली तर फसवा दोष तयार होतो: साधा पिंग जातो, जोडणीही होते, पण सिंक सुरू झाले की सगळे थबकते. तपासण्यासाठी तुकडे करायला मनाई असलेला ८९७२ बाइटचा पिंग पाठवा. तो गेला नाही तर कुठेतरी एमटीयू कमी आहे.

क्लस्टरचा हार्टबीट (सर्व्हर जिवंत असल्याचा एकमेकांना जाणारा निरोप) फक्त याच केबलवर ठेवू नका. हा निरोप सांभाळणाऱ्या कोरोसिंकला दुसरा, स्वतंत्र मार्ग द्या.

६. मांडणी क्रमाने कशी करायची?

दोन्ही सर्व्हरवर सारख्या आकाराचा एलव्हीएम (लिनक्सचा व्हॉल्यूम व्यवस्थापक) व्हॉल्यूम काढा, समजा २०० गिगाबाइटचा. मेटाडेटा, म्हणजे डीआरबीडीच्या स्वतःच्या नोंदी, त्यातच शेवटी बसवता येतो. दर गिगाबाइटला, दर जोडीदारामागे सुमारे ३२ किलोबाइट लागतात, म्हणजे इथे सात मेगाबाइटसुद्धा नाही.

रिसोर्सची फाइल ईटीसीतल्या ‘डीआरबीडी.डी’ फोल्डरात ठेवा. तीत प्रत्येक नोडचे (क्लस्टरमधल्या सर्व्हरचे) नाव, नोड-आयडी, डीआरबीडी डिव्हाइस, खालची डिस्क, आयपी पत्ता आणि पोर्ट असतो. ही फाइल सर्व सर्व्हरवर अक्षरशः सारखी हवी. नोडचे नाव ‘युनेम -एन’ जे दाखवते तेच हवे. एकीकडे डोमेनसह आणि दुसरीकडे डोमेनशिवाय लिहिले की ‘हा रिसोर्स या होस्टसाठी नाही’ अशी तक्रार येते. पोर्ट सहसा ७७८८ पासून पुढे घेतात, प्रत्येक रिसोर्सला वेगळा. फायरवॉलमध्ये ते उघडा.

मग दोन्हीकडे ‘डीआरबीडी-अ‍ॅडम क्रिएट-एमडी’ आणि ‘डीआरबीडी-अ‍ॅडम अप’ चालवा. पुढे तिसरा नोड जोडायचा विचार असेल तर क्रिएट-एमडीलाच मॅक्स-पीअर्सची संख्या वाढवून द्या, नंतर मेटाडेटाची जागा वाढवणे कटकटीचे असते. आता ‘डीआरबीडी-अ‍ॅडम स्टेटस’मध्ये दोन्ही बाजू ‘इनकन्सिस्टंट’ दिसतील. ते बरोबर आहे, कारण कोणाचा डेटा खरा हे अजून कोणी सांगितलेले नाही. एकाच सर्व्हरवर ‘प्रायमरी --फोर्स’ द्या (प्रायमरी म्हणजे जिथे डेटा वापरला जातो ती बाजू, सेकंडरी म्हणजे नुसती प्रत घेणारी). त्याची डिस्क ‘अपटूडेट’ होते आणि दुसरीकडे सिंक सुरू होते. सिंक संपायची वाट न पाहता डीआरबीडी डिव्हाइसवर फाइल सिस्टीम बनवता येते.

यानंतर खालच्या मूळ व्हॉल्यूमला थेट हात लावायचा नाही. मेटाडेटा शेवटी असल्यामुळे फाइल सिस्टीम सुरुवातीपासूनच असते, म्हणून मूळ व्हॉल्यूम थेटही माउंट होऊ शकतो. तसे केले की डीआरबीडीला न कळता एका बाजूला लेखन होते आणि दोन प्रती गुपचूप वेगळ्या पडतात. एफएसटॅबमधली (सुरू होताना आपोआप माउंट करायच्या यादीतली) जुनी ओळ आधी काढा. डीआरबीडीच्या वर पुन्हा एलव्हीएम असेल तर ‘ग्लोबल-फिल्टर’ने खालचे डिव्हाइस एलव्हीएमपासून लपवा.

७. माझ्या डिस्कवर आधीच डेटा आहे. तो न पुसता डीआरबीडी लावता येईल?

येईल, पण बॅकअप घेऊनच. मेटाडेटाला शेवटी जागा हवी आणि ती फाइल सिस्टीमने व्यापलेली असते. क्रिएट-एमडी तेव्हा थांबते आणि डेटा खराब होईल असा इशारा देते. तो इशारा डावलू नका. सोपा मार्ग म्हणजे फाइल सिस्टीम अनमाउंट करून, तिला न वाढवता, फक्त खालचा व्हॉल्यूम थोडा वाढवणे. एक टेराबाइटला एका जोडीदारासाठी ३२ मेगाबाइटच्या आसपास पुरतात, तुम्ही १२८ द्या. व्हॉल्यूम वाढवता येत नसेल तर मेटाडेटा वेगळ्या छोट्या व्हॉल्यूमवर ठेवा.

सर्वांत धोक्याचा क्षण ‘प्रायमरी --फोर्स’चा. ती आज्ञा डेटा असलेल्या सर्व्हरवरच द्यायची. रिकाम्या बाजूला दिली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर लिहिली जाते. एंटर दाबण्यापूर्वी प्रॉम्प्टवरचे होस्टनेम मोठ्याने वाचा.

८. पहिले सिंक तासन्‌तास चालते. वेग वाढवता येतो का, की ते टाळताच येते?

एक टेराबाइट, ११० मेगाबाइट प्रतिसेकंद वेगाने, सुमारे २ तास ४० मिनिटे घेतो. यापेक्षा खूप जास्त लागत असेल तर सी-मॅक्स-रेट पाहा. त्याची मूळ मर्यादा १०० मेगाबाइट प्रतिसेकंद आहे, म्हणजे १० गिगाबिटच्या नेटवर्कवर ती स्वतः वाढवावी लागते. सी-मिन-रेट मूळात फक्त २५० किलोबाइट असतो, त्यामुळे डिस्कवर दुसरे काम चालू असेल तर सिंक रांगू लागते. चालू सेवेच्या वेळी हे घाईने वाढवू नका, कारण सिंक आणि ग्राहकांचे लेखन एकाच डिस्कवर भांडतात.

दोन्ही डिस्क नव्या आणि रिकाम्या असतील तर सिंक टाळता येते: जोडणी झाल्यावर ‘न्यू-करंट-यूयूआयडी’ आज्ञा ‘--क्लिअर-बिटमॅप’सह एका नोडवर द्या. डेटा असलेल्या डिस्कवर हे कधीही करू नका. असे केल्यावर न लिहिलेले ब्लॉक दोन्हीकडे वेगळे असू शकतात, आणि पुढे पडताळणीत ते फरक म्हणून दिसतील (प्रश्न १५).

सर्व्हर कोसळल्यावर मात्र पूर्ण सिंक होत नाही. अ‍ॅक्टिव्हिटी लॉगमध्ये ‘गरम’ भागांची नोंद असते. प्रत्येक भाग ४ मेगाबाइटचा आणि मूळ संख्या १२३७, म्हणजे प्रायमरी कोसळला तरी जास्तीत जास्त ५ गिगाबाइटच्या आत पुन्हा तपासावे लागतात. जोडणी तुटलेल्या काळात बदललेल्या ब्लॉकची नोंद बिटमॅपमध्ये असते आणि तेवढेच पाठवले जातात.

९. दुसऱ्या सर्व्हरवर माउंट करायला गेलो तर ‘राँग मीडियम टाइप’ येते. बिघाड आहे का?

बिघाड नाही. सेकंडरी बाजूचे डिव्हाइस वाचायलासुद्धा उघडत नाही. डीआरबीडी ९ मध्ये ऑटो-प्रमोट चालू असल्याने कोणीच प्रायमरी नसेल तर माउंट करताच तो नोड आपोआप प्रायमरी होतो. समोरचा आधीच प्रायमरी असेल तर हा संदेश येतो. अहवालांसाठी दुसऱ्या बाजूने वाचायचे असेल तर तिथल्या खालच्या व्हॉल्यूमचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली प्रत) घेऊन तो फक्त वाचनासाठी माउंट करा.

१०. मुख्य सर्व्हर पडला की दुसरा आपोआप काम हाती घेतो का?

डीआरबीडी एकटे ते करत नाही. त्यासाठी पेसमेकर (सेवा कुठे चालवायची ते ठरवणारा क्लस्टर व्यवस्थापक) आणि कोरोसिंक किंवा डीआरबीडी-रिअ‍ॅक्टर लागते. पेसमेकरमध्ये ‘ओसीएफ:लिनबिट:डीआरबीडी’ एजंटचा प्रमोट होणारा क्लोन बनवा आणि प्रायमरी व सेकंडरी भूमिकांच्या मॉनिटरना वेगवेगळा कालावधी द्या, उदाहरणार्थ २९ आणि ३१ सेकंद. सारखा दिला तर पेसमेकर त्यांना एकच क्रिया समजतो. मग फाइल सिस्टीम, सेवा आणि फिरता आयपी पत्ता एका गटात घालून, तो गट प्रायमरीसोबतच राहील आणि प्रमोट झाल्यावरच सुरू होईल अशा दोन अटी घाला. यातली क्रमाची अट लोक विसरतात. मग कधी चालते, कधी चालत नाही.

फेन्सिंगचे दोन थर असतात आणि दोन्ही लागतात. डीआरबीडीच्या नेट विभागात (८.४ मध्ये डिस्क विभागात) फेन्सिंगला ‘रिसोर्स-अँड-स्टोनिथ’ द्या आणि फेन्स-पीअर व अनफेन्स-पीअर या हँडलरना पेसमेकरसाठीच्या तयार स्क्रिप्ट जोडा. दुसरा थर पेसमेकरचा स्टोनिथ, म्हणजे प्रत्यक्ष वीज तोडणे.

आयपीएमआयने (सर्व्हर दुरून नियंत्रित करण्याच्या सोयीने) वीज तोडणे चांगले, पण त्यात एक भोक आहे. आयपीएमआयची चिप सर्व्हरच्याच विजेवर चालते. सर्व्हरची वीज पूर्ण गेली की चिपही उत्तर देत नाही, स्टोनिथ अपयशी ठरतो, आणि जिवंत सर्व्हर खात्री नाही म्हणून लेखन रोखून बसतो. ऐन गरजेच्या वेळी सेवा गोठते. म्हणून दुसरी पातळी हवी: नेटवर्कवरून चालणारी पॉवर पट्टी. ‘फेन्सिंगमुळे क्लस्टर अडकते’ म्हणून ते बंद करणारे बरेच जण आहेत. फेन्सिंग बंद केले की अडकणे थांबते आणि प्रश्न ११ सुरू होतो.

११. लॉगमध्ये ‘स्प्लिट-ब्रेन डिटेक्टेड, ड्रॉपिंग कनेक्शन’ आले आहे. आता काय करू?

याचा अर्थ संपर्क तुटलेला असताना दोन्ही सर्व्हर प्रायमरी झाले आणि दोन्हीकडे वेगवेगळे लेखन झाले. आता एका बाजूचे बदल सोडावेच लागतील. डीआरबीडीला दोन्ही मिसळता येत नाहीत.

आधी सेवा एकाच बाजूला चालू राहील हे पाहा. मग कोणती बाजू ठेवायची ते डेटा पाहून ठरवा: शेवटच्या व्यवहारांच्या वेळा, ग्राहक कोणत्या बाजूला जोडलेले होते, फिरता पत्ता कुठे होता. जी बाजू सोडायची तिच्या मूळ व्हॉल्यूमचा एलव्हीएम स्नॅपशॉट घ्या. ही पायरी टाळू नका, कारण नंतर ‘त्या बाजूला दहा ऑर्डर होत्या’ असे कळले तर त्या काढायची ती एकमेव जागा असते.

मग सोडायच्या बाजूला क्रमाने ‘डिसकनेक्ट’, ‘सेकंडरी’, ‘कनेक्ट --डिस्कार्ड-माय-डेटा’. ठेवायची बाजू ‘स्टँडअलोन’ दिसत असेल तर तिथे नुसते ‘कनेक्ट’. फक्त वेगळे पडलेले ब्लॉक सिंक होतात, पूर्ण डिस्क नाही.

आपोआप सोडवण्याच्या धोरणांपैकी आफ्टर-एसबी-झीरोप्रायला (स्प्लिट-ब्रेन कळताना कोणीच प्रायमरी नसेल तेव्हाचे धोरण) ‘डिस्कार्ड-झीरो-चेंजेस’ निर्धास्त लावा, कारण ते बदल न झालेलीच बाजू सोडते. दोन्ही प्रायमरी असताना ‘डिसकनेक्ट’च ठेवा. तिथे माणसानेच ठरवायला हवे.

१२. दोन्ही सर्व्हर एकाच वेळी प्रायमरी ठेवून दुप्पट काम घेता येईल?

ईएक्सटी४ किंवा एक्सएफएसवर नाही. दोन्हीकडे माउंट केले की फाइल सिस्टीम उद्‌ध्वस्त होते. जीएफएस२ किंवा ओसीएफएस२ सारखी क्लस्टर फाइल सिस्टीम लागते आणि फेन्सिंगशिवाय तीही टिकत नाही. व्हर्च्युअल मशीन चालू असताना हलवण्यापुरते काही क्षण दोन प्रायमरी ठेवणे हा याचा योग्य उपयोग. काम वाटायचे असेल तर दोन रिसोर्स करा, एकाचा प्रायमरी इकडे, दुसऱ्याचा तिकडे. मात्र एक पडल्यावर उरलेला दोन्ही भार पेलेल इतकी जागा ठेवा.

१३. डेटाबेससाठी डीआरबीडी वापरू की डेटाबेसचे स्वतःचे रेप्लिकेशन?

कमिट झालेला एकही व्यवहार जाऊ नये आणि मांडणी साधी हवी, तर प्रोटोकॉल सी. सर्व्हर बदलताना डेटाबेस वीज गेल्यानंतरसारखाच उठतो आणि स्वतःच्या लॉगमधून सावरतो. इनोडीबी आणि पोस्टग्रेस यासाठी बनलेले आहेत, मायआयएसएएमच्या टेबलांना दुरुस्ती लागू शकते. दुसऱ्या सर्व्हरवरून वाचनही हवे असेल तर डेटाबेसचे रेप्लिकेशन घ्या.

डेटा आणि व्यवहार-लॉग वेगळ्या व्हॉल्यूमवर असतील तर ते एकाच रिसोर्सचे दोन व्हॉल्यूम म्हणून मांडा. लेखनाचा क्रम एका रिसोर्सच्या आत पाळला जातो. दोन रिसोर्स केले तर संपर्क तुटताना एक पुढे, एक मागे राहू शकतो.

१४. दुसऱ्या शहरातल्या डेटा सेंटरला प्रत ठेवता येईल?

हिशोब करून पाहा. फायबरमध्ये प्रकाशाला एक किलोमीटरला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. मुंबई-पुणे केबल १५० किलोमीटर धरली तर जाऊन-येऊन किमान दीड मिलिसेकंद, प्रत्यक्षात स्विच-राउटरमुळे जास्त. मुंबई-चेन्नई १३०० किलोमीटर धरले तर किमान १३ मिलिसेकंद. प्रोटोकॉल सी मध्ये एकामागून एक कमिट करणारी एक जोडणी मग सेकंदाला ७७ च्या वर जाऊ शकत नाही, डिस्क कितीही वेगवान असो.

लांबवर ‘ए’ वापरा आणि ऑन-कंजेशनला ‘पुल-अहेड’ द्या. नेटवर्क तुंबले की प्रायमरी न थांबता पुढे जातो आणि नंतर सिंक करतो. त्या सिंकच्या काळात लांबची प्रत अर्धवट असते, म्हणून सिंकपूर्वी तिचा एलव्हीएम स्नॅपशॉट घेणारा तयार हँडलर तिथे लावा. त्या शहरावर आपोआप फेलओव्हर (काम तिकडे हलणे) ठेवू नका.

१५. दोन प्रती खरोखर सारख्या आहेत हे कसे कळेल?

‘अपटूडेट’ म्हणजे डीआरबीडीच्या माहितीप्रमाणे सारख्या. डिस्क गुपचूप चुकीचे वाचत असेल तर ते त्याला कळत नाही. नेट विभागात व्हेरिफाय-अल्गला ‘सीआरसी३२सी’ द्या आणि महिन्यातून एकदा, गर्दी नसताना ‘डीआरबीडी-अ‍ॅडम व्हेरिफाय’ चालवा. फरक सापडला तर कर्नल लॉगमध्ये ‘आउट ऑफ सिंक’ आणि जागा येते. व्हेरिफाय स्वतः दुरुस्ती करत नाही. त्यानंतर ‘डिसकनेक्ट’ आणि ‘कनेक्ट’ केल्यावर ते ब्लॉक सिंक होतात. स्वॅपसारख्या ठिकाणी पाठवणी चालू असतानाच बफर बदलतो, त्यामुळे थोडे फरक निरुपद्रवी असू शकतात. डेटाबेसच्या व्हॉल्यूमवर ते पुन्हा पुन्हा दिसले तर डिस्क, कंट्रोलर आणि मेमरी तपासा.

१६. एका बाजूची डिस्क मेली. सेवा बंद करावी लागेल?

नाही. ऑन-आयओ-एरर ‘डिटॅच’ असेल तर तो नोड ‘डिस्कलेस’ होतो आणि प्रायमरी असला तरी समोरच्याच्या डिस्कवरून वाचत-लिहीत राहतो. सवडीने सेवांचा गट दुसऱ्या सर्व्हरवर हलवा, डिस्क बदला, ‘क्रिएट-एमडी’ आणि ‘अ‍ॅटॅच’ करा. मेटाडेटा नवा असल्याने पूर्ण सिंक होते. ते संपेपर्यंत तुमच्याकडे एकच चांगली प्रत आहे हे विसरू नका.

१७. कर्नल अपडेट केल्यावर डीआरबीडी सुरूच होत नाही. का?

९ चे मॉड्यूल कर्नलबाहेरचे असते. नव्या कर्नलसाठी ते बांधले गेले नसेल तर जुने ८.४ चे मॉड्यूल लोड होते, किंवा काहीच नाही. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेले मॉड्यूल नाकारले जाते. म्हणून आधी सेकंडरी स्टँडबायवर घ्या, अपडेट करा, रीबूटनंतर लोड झालेल्या मॉड्यूलची आवृत्ती पाहा, सिंक होऊ द्या, मगच भूमिका बदलून दुसऱ्याकडे वळा. दोन्ही एकाच रात्री अपडेट करू नका.

१८. केबलवरून जाणारा डेटा सुरक्षित असतो का?

शेअर्ड-सिक्रेट फक्त जोडीदाराची ओळख तपासते, डेटा उघडाच जातो. लक्स (लिनक्सचे डिस्क कूटबद्धीकरण) डीआरबीडीच्या खाली असेल तर डिस्क सुरक्षित, केबल उघडी. लक्स वर ठेवले तर कूटबद्ध ब्लॉकच प्रवास करतात. ते नको असेल तर वायरगार्ड व्हीपीएनमधून न्या.

१९. दोन्ही सर्व्हर बंद पडले आणि आता एकच सुरू होतो आहे. त्याला प्रायमरी करू का?

आधी कोण केव्हा पडला ते शोधा. समजा ‘ब’ दुपारी पडला, ‘अ’ एकटा संध्याकाळपर्यंत चालला आणि मग तोही पडला. आता ‘ब’ एकटाच उठला, तर त्याच्याकडे दुपारचा डेटा आहे. पण ‘ब’ला ते माहीत नाही, कारण तो पडला तेव्हा सगळे ठीक होते. फेन्सिंगची नोंद ‘अ’कडे झाली, ‘ब’कडच्या जुन्या क्लस्टर नोंदींत ती नाही. जबरदस्तीने प्रायमरी केले तर संध्याकाळपर्यंतचे काम मागे राहते, आणि ‘अ’ परत आला की स्प्लिट-ब्रेन होते.

दोन नोडच्या कोरोसिंकमध्ये टू-नोड चालू केले की वेट-फॉर-ऑल आपोआप चालू होते. दोघेही एकदा दिसल्याशिवाय क्लस्टर सेवा सुरू करत नाही, ते याच कारणासाठी. ‘रीबूटनंतर अडकते’ म्हणून ते बंद करू नका. तीन नोड आणि कोरम असेल तर एकट्या ‘ब’ला बहुमत मिळतच नाही. ‘अ’ कायमचा गेला आहे याची खात्री झाली, आणि दुपारचा डेटा स्वीकारण्याचा निर्णय ज्यांचा तो डेटा आहे त्यांनी घेतला, तरच ‘ब’वर ‘प्रायमरी --फोर्स’ द्या. ‘अ’च्या डिस्क मात्र पुसू नका, काढून बाजूला ठेवा, खालचा व्हॉल्यूम नंतर फक्त वाचनासाठी माउंट करून राहिलेले व्यवहार काढता येतात.